लागलं तर

विमानतळावर सिक्युरिटी चेक पार पडला की माणूस पट्टा पुन्हा कमरेला बांधतो, मोबाईल खिशात टाकतो, बोर्डिंग पास जपून ठेवतो आणि मग मान वर करून बघतो. समोर दुकानंच दुकानं असतात. घड्याळं, अत्तरं, चॉकलेटं, रंगीत पिशव्या. या झगमगाटात कुठेतरी कडेला औषधांचं एक छोटं दुकान असतं. आपलं साधं मेडिकल.

पहाटेच्या विमानांच्या वेळी या दुकानाकडे थोडा वेळ बघत बसावं. मुंबईच्या विमानतळावर तर रात्र कुठे संपते आणि पहाट कुठे सुरू होते ते कळतच नाही. परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्र उलटल्यावरच सुटतात. डोळे चोळत आलेली माणसं शेजारच्या दुकानांतून नुसती हिंडतात. इथे मात्र ती थांबतात. अत्तराच्या दुकानात माणूस रमत शिरतो. मेडिकलमध्ये तो आठवत शिरतो.

काय राहिलं, हा प्रश्न खरं तर घराला कुलूप लावतानाच विचारून झालेला असतो. गॅस बंद केला. नळ बघितले. पासपोर्ट घेतला. पण तो सगळा हिशेब सामानाचा होता. काउंटरवर बॅगांचं वजन झालं, किलो-दोन किलो इकडचे तिकडे झाले. ज्याच्यासाठी हे सामान बांधलं, ते शरीर मात्र कुणी काट्यावर ठेवलं नाही. त्याची आठवण आता होते, जमिनीवरच्या या शेवटच्या तासात. आणि आठवण झाली की यादी सुरू होते. डोकं दुखलं तर? पोट बिघडलं तर? कानाला दडे बसले तर? तिथलं पाणी बाधलं तर?

काउंटरपाशी एक वयस्कर जोडपं उभं असतं. असं जोडपं इथे बहुधा असतंच.

"अगं, सगळं घेतलंय आपण."

"अहो, असू दे जवळ. लागलं तर?"

यावर कुणाकडेही उत्तर नसतं. ते मुकाट्याने पाकीट काढतात.

ही दोघं मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली असावीत. तिथे पाहुण्यांना एका वेळी बहुधा सहा महिने राहता येतं. सहा महिने म्हणजे रोजची एक याप्रमाणे बीपीच्या १८० गोळ्या. पंधरा-पंधराच्या बारा स्ट्रिप. शिवाय थायरॉईडची बाटली, साखरेच्या गोळ्या, गुडघ्यांचं मलम, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. मोठ्या बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतकाढा असेल. कुठल्या तरी कप्प्यात वेखंडाचा तुकडा, आणि सगळ्या दुखण्यांवर चालणारी पुण्याच्या कैलास जीवनची डबी. एवढं असूनही आजींना आत्ता अमृतांजनची बाटली हवी आहे. हा बाम १८९३ साली याच मुंबईत सुरू झाला. कितीतरी कपाळं चोळून तो आता साता समुद्रांपलीकडे निघाला आहे. आजी बाटली हातात घेतात, झाकण घट्ट आहे ना ते बघतात, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवतात. चेहरा किंचित सैल होतो. डोकं दुखत नसतानाच बामाने काम केलेलं असतं.

या दुकानाची एक गोष्ट मला आवडते. विमानतळावर पाऊल ठेवलं की चहाची किंमत ओळखीची राहत नाही. तापाची गोळी मात्र गल्लीत ज्या किमतीला मिळते, त्याच किमतीला इथेही मिळते. एकाच पाकीटबंद वस्तूवर दोन ठिकाणी दोन वेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. आवश्यक औषधांची कमाल किंमत तर सरकारच ठरवून देतं. गल्लीतला केमिस्ट फार तर ओळखीखातर दहा टक्के सोडेल. ताप कुठे आला यावरून गोळीचा भाव बदलत नाही, हे मला माणुसकीला धरून वाटतं.

बदलतं ते आपलं मागणं. गल्लीत आपण म्हणतो, "चारच द्या." केमिस्ट कात्रीने स्ट्रिप कापतो आणि चार गोळ्या कागदाच्या पुडीत घालून देतो. चारात भागेल, याची आपल्याला खात्री असते. नाहीच भागलं तर दुकान कोपऱ्यावर आहे. विमानतळावर "चारच द्या" म्हणणारं माणूस मी ऐकलेलं नाही. इथे अख्खी स्ट्रिप घेतात. एक तापाची, एक उलटीची, एक पोटाची, एक सर्दीची. भाव तोच, पण माप मोठं झालेलं असतं.

हे माप कोण ठरवतं?

थोडा वेळ बघत राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांना खरोखर औषध लागतं, ती माणसं इथे फारशी रेंगाळत नाहीत. मधुमेहाच्या माणसाचं इन्सुलिन आधीच हातातल्या बॅगेत असतं. ते खाली सामानात टाकायचं नाही, तिथल्या थंडीत गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही, हे त्याला पाठ असतं. दम्याच्या माणसाचा पंप शर्टाच्या खिशात असतो. अशी माणसं दुकानात येतात, पाण्याची बाटली मागतात आणि निघून जातात. रेंगाळतात ती धडधाकट माणसं. आजारी माणसाला आपला एक आजार माहीत असतो. निरोगी माणसाला सगळेच आजार शक्य वाटतात.

गरज मुठीत मावते. भीतीला पिशवी पुरत नाही.

यासाठी सिक्युरिटी चेकपाशी घडणारा एक प्रसंगही बघण्यासारखा असतो. ट्रे थांबतो, बॅग बाजूला काढली जाते आणि आतून खोबरेल तेलाची बाटली बाहेर येते. तळाशी चार बोटं तेल उरलेलं असतं. बाटलीचा मालक म्हणतो, "साहेब, यात कुठे शंभर मिली आहे?" त्याचं खरं असतं. पण बाटली २०० मिलीची असते, आणि नियम बाटली केवढी ते बघतो, आत किती उरलंय ते बघत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अटलांटिकपलीकडे जाणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला. त्यानंतर हातातल्या सामानातले द्रव १०० मिलीच्या बाटल्यांत, आणि त्या सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम जगभर पसरला. विमानतळावर तो शहाणपणाचाच म्हणायचा. पण भीतीही असंच मोजते. काय झालंय हे ती बघत नाही. काय होऊ शकेल, तेवढंच बघते.

तेलवाला मग पुढे मेडिकलमध्ये येतो आणि तेलाची सर्वांत छोटी बाटली मागतो. ती हातात घेऊन तो जरा चकित होतो. घरी बाथरूमच्या फळीवर लिटरभर शाम्पू असतो, टूथपेस्टची मोठी नळी असते, एकावर एक फुकट मिळालेले साबण असतात. आठ दिवसांच्या प्रवासाला त्यातलं किती लागतं? ओंजळभर पारदर्शक पिशवीत सगळं बसतं आणि तरी थोडी जागा उरते. आपल्याला किती लागतं हे आपण सहसा कधी मोजत नाही. दुसऱ्याने मर्यादा घातली की मोजतो. आणि मोजलं की कळतं, फार लागत नाही.

या दुकानात येणारं आणखी एक गिऱ्हाईक माझ्या लक्षात राहिलं आहे. मधल्या वयाचा माणूस. पाठीला ऑफिसची सॅक, बाकी सामान काही नाही. त्याने एक टूथब्रश मागितला, एक छोटी पेस्ट मागितली, दाढीचं एक साधं रेझर मागितलं. मोबाईल कानालाच होता. बोलत काही नव्हता, फक्त "हो" म्हणत होता. बिल घेतलं नाही. पिशवीही घेतली नाही. तीन वस्तू सॅकमध्ये टाकल्या आणि चालू लागला.

तो कुठे चालला होता, मला माहीत नाही. कदाचित ऑफिसचंच काही तातडीचं निघालं असेल. कदाचित रात्री फोन आला असेल. घरोघरी असे फोन येतात. त्या वेळी कुणी बॅग भरत बसत नाही. त्याने काउंटरवर एकही "लागलं तर" विचारलं नाही. स्वतःचं डोकं दुखेल, स्वतःचं पोट बिघडेल, हे त्या क्षणी त्याच्या मनातही नसावं. मन दुसऱ्या कुणाच्या तरी उशापाशी पोचलेलं होतं. जाणं जेव्हा खरंच अटळ असतं, तेव्हा माणूस एका ब्रशवर निघतो.

भीती मात्र खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. विमानात शरीराला थोडा त्रास होतोच. आपण आरामात खुर्चीत बसलेलो असतो, समोर पडद्यावर सिनेमा चाललेला असतो, म्हणून ते जाणवत नाही इतकंच. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून उडतं. आतल्या हवेचा दाब वाढवलेला असतो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. थोडक्यात, हातात चहाचा कप घेऊन आपण कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो, तेही एक पाऊल न चढता. हवा कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळ वीस टक्क्यांच्याही खाली. म्हणून ओठ फुटतात, घसा सुकतो, नाकात आग होते. विमान खाली येऊ लागलं की दाब बदलतो आणि कान बंद होतात.

यावरचे उपाय साधे आहेत. थोडं थोडं पाणी पीत राहायचं. कानासाठी आवंढा गिळायचा किंवा जांभई द्यायची. पूर्वी विमान सुटण्याआधी हवाई सुंदरी लिमलेटच्या गोळ्या वाटत, त्या याचसाठी. विमान उतरताना तान्हं मूल रडू लागलं की जाणती आई त्याला पदराखाली घेते. दूध गिळता गिळता त्याचे कान मोकळे होतात. पायांसाठी मधून मधून उठून चार पावलं चालायचं. पाणी, आवंढा, चार पावलं. यातलं पाणीच काय ते दुकानात मिळतं.

त्या दुकानातल्या सगळ्या मालात मला सर्वांत मोठी वाटणारी वस्तू बहुधा सर्वांत स्वस्त असते. मीठ-साखरेची पुडी, ओआरएस. एक लिटर पाण्यात एक पुडी. आत ग्लुकोज आणि दोन-तीन क्षार. बस्स. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवला, पिंपं भरली आणि लोकांना ते पाणी प्यायला दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. तोवर ते वीस-तीस टक्क्यांच्या घरात होतं. डॉक्टर २०२२ मध्ये गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

या हकिगतीतला एक तपशील मला पुन्हा पुन्हा आठवतो. छावणीत रुग्ण हजारो होते आणि नर्स मोजक्या. ते पाणी रुग्णांना पाजलं कुणी? त्यांच्याच माणसांनी. आईने, भावाने, शेजारच्या चटईवरच्या कुणी तरी. हातात पेला घेऊन, उशाशी बसून, घोट घोट. पुडीत क्षार होते. घोट भरवणारा हात पुडीत नव्हता. तो जवळ होता म्हणून पुडी कामाला आली.

मला वाटतं, विमानतळावरच्या काउंटरपाशी आपण नेमके तिथेच अडखळतो. घरी पोट बिघडलं तर आपण इतके घाबरत नाही. कुणीतरी मऊ भात टाकतं. कुणीतरी कपाळाला हात लावून बघतं. "आज जाऊ नकोस कुठे," असं कुणीतरी दटावतं. घरच्या दुखण्याचा अर्धा भार दुसरं कुणीतरी उचलतं, त्याचं बिल होत नाही म्हणून तो दिसत नाही. प्रवासाला निघालं की तो सगळा भार आपल्या एकट्यावर येणार, असं वाटू लागतं. मग त्या माणसांच्या जागी आपण स्ट्रिप ठेवत जातो. मऊ भाताच्या जागी एक, कपाळावरच्या हाताच्या जागी एक. पिशवी फुगते. खात्री काही वाढत नाही. माणसांची जागा गोळ्या भरून काढत नाहीत.

पण विमानात आपण खरंच इतके एकटे असतो का? २०१३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात विमानप्रवासातल्या आजारपणांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ६०४ उड्डाणांमागे एकदा असा प्रसंग आलेला दिसला. त्यातले सर्वांत जास्त प्रसंग चक्कर येण्याचे होते. आणि जवळजवळ निम्म्या वेळा, ४८ टक्के प्रसंगांत, मदतीला धावून आला तो त्याच विमानातून प्रवास करणारा कुणी तरी डॉक्टर. "विमानात कुणी डॉक्टर आहेत का?" अशी घोषणा होते आणि कुठल्या तरी रांगेतून एक माणूस उठतो. त्याला झोप आलेली असते, त्याचा सिनेमा अर्धा राहिलेला असतो, आजारी माणसाशी त्याची ओळखही नसते. तरी तो उठतो. हे औषध आपण बरोबर नेलेलं नसतं. ते आधीच विमानात येऊन बसलेलं असतं.

आणि विमान जिथे उतरतं, तिथेही माणसं राहतात. तीही आजारी पडतात. त्यांच्याही कोपऱ्यावर औषधाचं दुकान असतं. निघताना एवढी साधी गोष्ट आपल्याला आठवत नाही. आपण जगाच्या टोकाला निघालो आहोत, असं वाटत असतं. प्रत्यक्षात आपण दुसऱ्या कुणाच्या तरी गल्लीत निघालेलो असतो.

म्हणून औषधं घेऊच नयेत, असं मुळीच नाही. रोजच्या गोळ्या मोजून घ्याव्यात. चार दिवसांच्या जास्त असाव्यात, विमानं रखडतात. त्या मोठ्या बॅगेत टाकू नयेत, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी, कारण आपल्याकडे सहज चालणारी काही औषधं दुसऱ्या देशांत बंदीची असतात. ओआरएसच्या दोन पुड्या असाव्यात. आजींना हवा असेल तर बामही असावा. एवढं झालं की यादी संपली, असं मनाला सांगून टाकावं.

त्यानंतरही "लागलं तर" हा प्रश्न उरेल. तो उरू द्यावा. त्याचं पुरतं उत्तर कुठल्याच दुकानात नाही.

आणि विमानात बसल्यावर, पट्टा लावून झाला की, कानात इअरफोन घालण्याआधी शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोला. कुठे निघालात, एवढंच विचारा. वेळ आली तर एकमेकांना पहिला हात तुम्हीच देणार आहात.